युकुलेलेवरील सेव्हन्थ कॉर्ड : सरावाच्या नोंदी

६ जून २०२५

या प्रकल्पाचा हेतू मुद्दाम लहान ठेवला आहे. डी-सेव्हन, जी-सेव्हन आणि सी मेजर या तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरसमूह, युकुलेले या गिटारसारख्या लहान, चार तारांच्या वाद्यावर एका लयीत, न अडखळता, एकामागून एक वाजवता आल्या पाहिजेत, आणि सेव्हन्थ कॉर्ड ऐकताच पुढच्या कॉर्डची ओढ का लागते, हे मला बोटांतून कळले पाहिजे. त्यापलीकडे गाणी बसवण्याचा सध्या विचार नाही. भजनी मंडळात अनेक वर्षे पेटीची साथ केल्यामुळे स्वर ओळखण्याची अडचण नाही. मात्र पेटीवर माझा उजवा हात गाणाऱ्याच्या मागे एकेका स्वराने चालत आला आहे, आणि चार स्वर एकदम वाजवून त्यांचा मिळून एक अर्थ लावण्याची सवय मला कधी लागली नाही.

वाद्य कॉन्सर्ट आकाराचे असून नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची (घोडीपर्यंतची) तार सुमारे ३८ सेंटिमीटर आहे. तारा नायलॉनच्या आहेत आणि त्या जी, सी, ई, ए अशा लावल्या जातात. पांढरी एक, म्हणजे सी, हा षड्ज मानला, तर त्या अनुक्रमे पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत होतात. येथे पंचमाची तार खर्जातली नाही. ती षड्ज आणि गंधार या दोन्ही तारांहून उंच लागते. तंबोरा लावलेल्या हाताला हे सुरुवातीला इतके चुकीचे वाटते, की मी ती तार दोनदा एक सप्तक खाली उतरवली आणि ती ढिली पडून लोंबू लागल्यावर निमूटपणे पुन्हा वर चढवली.

८ जून

आज वाजवण्यापेक्षा मोजण्यात वेळ गेला. पाश्चात्त्य संगीतात सप्तकाच्या पाचव्या स्वराला डॉमिनंट म्हणतात, म्हणजे आपला पंचम. त्या पंचमाला पाया मानून उभी केलेली आणि त्यात सातवा स्वर मिळवलेली कॉर्ड म्हणजे डॉमिनंट सेव्हन्थ. तिची बांधणी मूळ स्वर, तेथून चार अर्धस्वरांवर, सात अर्धस्वरांवर आणि दहा अर्धस्वरांवर अशी असते. पेटीच्या भाषेत सांगायचे तर षड्ज, शुद्ध गंधार, पंचम आणि कोमल निषाद.

माझा गोंधळ येथेच झाला. जी-सेव्हनमध्ये जी, बी, डी आणि एफ हे स्वर येतात. जी हा षड्ज धरला, तर एफ हा कोमल निषाद ठरतो. परंतु संपूर्ण चाल सी मेजरमध्ये असेल, तर खरा षड्ज सी असतो आणि तोच एफ शुद्ध मध्यम होतो, बी शुद्ध निषाद होतो. एका स्वराला एकाच वेळी दोन नावे असणे आपल्याला नवीन नाही, कारण मूर्च्छनेत आपण नेमके हेच करतो; फरक इतकाच, की मूर्च्छनेत षड्ज हलवल्यावर गायक तेथे काही काळ रमतो, आणि येथे तो दोन मात्रांपुरता हलतो आणि लगेच परततो. वहीत आता प्रत्येक कॉर्डखाली दोन ओळी लिहिते: वर कॉर्डच्या मूळ स्वरापासूनची नावे, खाली चालीच्या षड्जापासूनची.

११ जून

सुरुवात सी-सेव्हनने केली, कारण तिला एकच बोट लागते. सी मेजरमध्ये अनामिका ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) असते आणि बाकीच्या तारा मोकळ्या राहतात. सी-सेव्हनमध्ये तर्जनी त्याच तारेच्या पहिल्या फ्रेटवर येते. सी मेजरमध्ये षड्ज दोनदा वाजतो, एकदा सी तारेवर आणि एकदा ए तारेवर. सी-सेव्हनमध्ये त्यांतला वरचा षड्ज जातो आणि त्याच्या जागी बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच, येते. चार तारा, चार वेगळे स्वर, एकही पुन्हा नाही. गिटारच्या सहा तारांवर एखाद्या स्वराची पुनरावृत्ती करावी लागते, येथे लागत नाही. सेव्हन्थ कॉर्डसाठी हे वाद्य बेतून केल्यासारखे वाटते.

कोमल निषाद लागताच मला खमाज ऐकू आला आणि हात आपोआप धैवताकडे उतरू पाहू लागला. ही ओढ पुढे उपयोगी पडली. सी-सेव्हननंतर एफ मेजर घ्यायची असते आणि एफ मेजरमध्ये ए तार मोकळी, म्हणजे धैवतावरच येते. एफ मेजरसाठी मधले बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर लागते. म्हणजे तीच तर्जनी ए तारेवरून उठून शेजारच्या ई तारेवर, त्याच फ्रेटवर, जाते. ती उठली की बी फ्लॅट खाली ए-वर येतो आणि ती टेकली की ई वर एफ-कडे सरकतो. एका बोटाच्या एका हालचालीत एक स्वर अर्ध्या स्वराने उतरतो आणि दुसरा अर्ध्या स्वराने चढतो.

१५ जून

सी-सेव्हन बेसूर लागते. दोन दिवस मी बोटाला दोष देत होते. आज क्लिप ट्यूनर लावून नीट तपासले. मोकळी ए तार अचूक. तिसऱ्या फ्रेटवरचा सी जवळजवळ अचूक. पहिल्या फ्रेटवरचा बी फ्लॅट मात्र २० सेंट चढा. एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट, तेव्हा २० सेंट हा काही कानाडोळा करण्याजोगा फरक नाही. हलके दाबले तर तो १६ वर येतो, पण सूर खरखरतो.

तारा ज्या पट्टीच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात, त्या नटच्या खाचा पुरेशा खोल नसतील, तर पहिल्या फ्रेटपाशी तार उंच राहते. ती दाबून खाली नेताना ताणली जाते आणि स्वर चढतो. नटपासून दूर गेले की हा परिणाम कमी होत जातो, म्हणून तिसरा फ्रेट निर्दोष वाटला. तपासण्याची रीत सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहायचे. फट जेमतेम दिसावी इतकीच हवी. माझ्या ए आणि ई तारांखाली पोस्टकार्ड सहज सरकले.

नवशिक्यांना शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक सेव्हन्थ कॉर्डमध्ये पहिला फ्रेट येतो: सी-सेव्हन, जी-सेव्हन, ए-सेव्हन, ई-सेव्हन. स्वस्त वाद्यावर नेमका तोच फ्रेट सर्वांत बेसूर असतो. या कॉर्ड अवघड किंवा कर्कश आहेत असे ज्यांचे मत झाले असेल, त्यांपैकी काहींनी तरी आपल्या बोटांऐवजी नट तपासायला हवा होता.

१९ जून

सांगलीहून मिरजेला गेले. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या गल्लीतल्या एका कारागिरांना वाद्य दाखवले. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केले, तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून फट पाहिली आणि मी काही सांगण्याआधीच बारीक कानस काढली. खाच खोल करताना ती खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती ठेवावी लागते, म्हणजे तार फ्रेटांकडच्या कडेवरच टेकते. खाच सपाट राहिली तर तार तिच्या पृष्ठावर घासून झणझणते. कानस फिरवता फिरवता त्यांनी विचारले, ‘‘ताई, इथं जव्हारी नको ना?’’ तंबोऱ्याच्या घोडीवर जो झणत्कार मिळवण्यासाठी हे लोक तासन् तास खर्ची घालतात, तोच येथे दोष ठरतो, हे त्यांना मनापासून गमतीचे वाटत होते.

त्यांनी एका वेळी थोडेच घासले आणि प्रत्येक वेळी तार पुन्हा चढवून तपासली. खाच गरजेपेक्षा खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर आपटू लागते आणि मग नट बदलणे किंवा खाच भरून पुन्हा कोरणे एवढेच हाती राहते. चारही खाचांना मिळून पाऊण तास लागला. घरी येऊन मोजले: बी फ्लॅट ५ सेंट चढा. तेवढे चालेल.

२२ जून

पावसाळी हवेमुळे आणि तारा काढून पुन्हा चढवल्यामुळे सूर टिकत नाही. दर दहा मिनिटांनी जुळवणी. सराव नाममात्र.

२५ जून

जी-सेव्हन सुरू केली. तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट सी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. जी तार मोकळी. बोटांचा लहान त्रिकोण होतो. कॉर्ड स्वतंत्रपणे अर्ध्या तासात स्वच्छ वाजली. अडचण तेथून सी मेजरकडे जाण्याची आहे. मिनिटभराचे घड्याळ लावून जी-सेव्हन ते सी मेजर आणि परत अशा फेऱ्यांतले स्वच्छ बदल मोजले: १४. परत येताना त्रिकोण प्रत्येक वेळी नव्याने रचावा लागतो आणि मधले बोट सी तारेऐवजी ई तारेवर जाऊन बसते.

२६, २७, २८ जून: १५, १३, १६. बदल नाही. अधिक वेगाने करण्याचा प्रयत्न निरर्थक आहे, एवढेच सिद्ध झाले.

३० जून

आज वहीतल्या त्या खालच्या ओळी समोर ठेवल्या आणि बोटांऐवजी स्वरांचा प्रवास लिहून काढला. सी हा षड्ज धरून जी-सेव्हनमधून सी मेजरकडे जाताना ए तारेवर शुद्ध निषाद षड्ज होतो, ई तारेवर शुद्ध मध्यम गंधार होतो, सी तारेवर ऋषभ षड्जावर उतरतो आणि जी तारेवरचा पंचम होता तेथेच राहतो. निषाद आणि मध्यम यांच्यात सहा अर्धस्वरांचे अंतर आहे, बरोबर अर्धे सप्तक, आणि ही जोडीच या कॉर्डमधली अस्वस्थता निर्माण करते. त्यांतला एक अर्ध्या स्वराने चढून आणि दुसरा अर्ध्या स्वराने उतरून शांत होतो. निषादाने षड्जाला भिडावे आणि मध्यमाने गंधारावर विसावावे, हे आपल्याकडच्या कोणत्याही गायकाला सांगावे लागत नाही. ते दोघे एकदम घडतात, एवढेच येथे नवीन आहे.

हे लिहून झाल्यावर लक्षात आले, की मी सी मेजरकडे जाताना तिन्ही बोटे उचलत होते आणि मग अनामिका तिसऱ्या फ्रेटवर शोधत होते. वास्तविक अनामिका आधीच ए तारेवर आहे. तिने तारेवरून न उठता दुसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्यावर, माझ्या वाद्यावर सुमारे १९ मिलिमीटर, सरकायचे आहे. परत येताना तीच मागे सरकते, आणि ती जागेवर असल्यामुळे तर्जनी व मधले बोट यांना आपापली तार सापडते. दाब सोडायचा, स्पर्श सोडायचा नाही.

पहिल्या मिनिटाला १९, चौथ्या प्रयत्नात २७. आठवडाभर बोटांना शिक्षा करण्यात गेला आणि उत्तर मी ८ तारखेलाच वहीत लिहून ठेवलेले होते.

६ जुलै

बदल आता मिनिटाला ३८ पर्यंत जातात, म्हणून आज एक आडवाटेचा प्रयोग केला. सी मेजर वाजवली की ई तार, म्हणजे गंधार, मला सतत थोडा चढा वाटतो. कारण उघड आहे. फ्रेट समान अंतराच्या स्वरांसाठी बसवलेले असतात आणि मोकळ्या ताराही त्याच मापाने जुळवल्या जातात, त्यामुळे गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटवर असतो. पेटीतही हाच चढा गंधार असतो. मंडळात मात्र गाणाऱ्यांच्या आवाजांत तो झाकला जातो, आणि येथे तो उघडा पडतो.

गंमत म्हणजे सी-सेव्हनमधला कोमल निषाद मला खटकत नाही. तो १००० सेंटवर आहे आणि मध्यमाचा मध्यम या हिशेबाने येणारा कोमल निषाद ९९६ वर. तेवढ्याने माझ्या कानाला काही होत नाही. नैसर्गिक स्वरमालिकेतला सातवा स्वर मात्र ९६९ वर येतो, आणि ज्यांचा कान त्यावर घडला असेल त्यांना हा निषाद चांगलाच चढा वाटेल.

ई तार १४ सेंट उतरवून पाहिली. सी मेजर आणि सी-सेव्हन दोन्ही विलक्षण गोड झाल्या. नंतर एफ मेजर वाजवली आणि चेहरा पडला. तेथे ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर एफ, म्हणजे कॉर्डचा पायाच, असतो. तो १४ सेंट खाली गेल्यामुळे वरचा ए त्याच्यापासून ४१४ सेंटवर गेला. एका कॉर्डला दिलेला गोडवा दुसरीच्या खिशातून काढलेला होता. तार पुन्हा वर चढवली.

१२ जुलै

डी-सेव्हन. तिचे दोन आकार प्रचलित आहेत. पहिल्यात तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर चारही तारांवर आडवी दाबायची आणि ए तारेचा तिसरा फ्रेट मधल्या बोटाने धरायचा. तेथे ए, डी, एफ शार्प (काळी तीन) आणि सी असे चारही स्वर मिळतात. दुसऱ्यात फक्त जी आणि ई तारांचे दुसरे फ्रेट दाबायचे आणि सी व ए तारा मोकळ्या सोडायच्या. तेथे ए, सी, एफ शार्प आणि पुन्हा ए मिळतो. या दुसऱ्या आकाराला हवाई डी-सेव्हन म्हणतात आणि त्यात डी हा स्वरच नाही.

मूळ स्वर नसलेली कॉर्ड त्या नावाने कशी चालते, हा प्रश्न ३० जूनची नोंद वाचल्यावर सुटला. अस्वस्थ जोडी एफ शार्प आणि सी यांची आहे, आणि ती दोन्ही आकारांत शाबूत आहे. पुढे जी-सेव्हन येणार हे कानाला त्या जोडीवरूनच कळते. शिवाय या वाद्याला खर्ज नसल्यामुळे मूळ स्वर तळाशी असावा ही अपेक्षाच कोणी करत नाही. माझ्या जी-सेव्हनमध्येही सर्वांत खालचा स्वर डी आहे.

पंचमाची तार वर चढलेली का, याचे उत्तर हवाईच्या इतिहासात मिळते. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन होनोलुलूला पोहोचले. त्यावर मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदेरातल्या माशेत या चार तारांच्या लहान वाद्याची घडण आणि राझाँव या पाच तारांच्या वाद्याच्या चार तारांची जुळवणी यांतून युकुलेले आकाराला आले, आणि पंचमाची उंच तार त्या जुळवणीबरोबरच आली. राजा कालाकाऊआने त्याला दरबारात स्थान दिल्यानंतर ते बेटांचे स्वतःचे वाद्य झाले. युकुलेले या शब्दाचा अर्थ उडी मारणारी पिसू असा सांगतात. माझ्या सध्याच्या जी-सेव्हनचे वर्णन म्हणून तो अगदीच चुकीचा नाही.

१३ जुलै

आडव्या तर्जनीचा डी-सेव्हनच घ्यायचा असे ठरवले. हवाई आकार सोपा आहे, पण त्यात ए तार मोकळी राहते आणि अनामिकेचा आधार तुटतो.

२० जुलै

आजची नोंद सविस्तर करते, कारण तिन्ही कॉर्ड प्रथमच एका धाग्यात आल्या.

डी-सेव्हनमध्ये तिसरा फ्रेट मी मधल्या बोटाऐवजी अनामिकेने धरला. मधले बोट तेथे अधिक सहज पोहोचते हे खरे. परंतु अनामिका वापरली की ती डी-सेव्हनमध्ये ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, जी-सेव्हनमध्ये दुसऱ्यावर आणि सी मेजरमध्ये पुन्हा तिसऱ्यावर येते आणि एकदाही तार सोडत नाही. स्वरांच्या भाषेत षड्ज, निषाद, षड्ज. ई तारेवर तर्जनी दुसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर येते आणि मग उचलली जाते: तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम, गंधार. मधल्या बोटाला फक्त जी-सेव्हनमध्ये सी तारेचा ऋषभ सांभाळायचा असतो.

दोन्ही मध्यम लागोपाठ, तेही उतरते. ललित ऐकलेल्या कानाला हा क्षण ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही, जरी येथे त्याचा रागाशी काही संबंध नाही. डी-सेव्हनची अस्वस्थ जोडी, एफ शार्प आणि सी, जशीच्या तशी अर्धा स्वर खाली घसरून जी-सेव्हनची जोडी बनते, एफ आणि बी. म्हणजे एका अस्वस्थतेतून दुसऱ्या अस्वस्थतेत उतरायचे आणि मग दोन्ही स्वरांनी विरुद्ध दिशांना जाऊन मोकळे व्हायचे. या सबंध क्रमात हे दोन स्वर सोडून बाकी काही ऐकू आले नाही तरी चाल कळते. खात्री करण्यासाठी मी केवळ ई आणि ए या दोन तारा वाजवून पाहिल्या आणि खरोखरच कळली.

२६ जुलै

हवाई संगीतात दोन कडव्यांच्या मध्ये हाच क्रम वाजवला जातो: डी-सेव्हन दोन मात्रा, जी-सेव्हन दोन मात्रा, सी मेजर चार मात्रा. एकूण आठ. मी अर्थातच केरव्याचा ठेका लावून बसले आणि पाच मिनिटांत घसरू लागले. डी-सेव्हन समेवर धरली तर सी मेजर पाचव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर पडते. चार मात्रांच्या त्यांच्या मापात तेथे नवा बार सुरू होतो, त्यामुळे त्यांना सी मेजरचा ठोका भरीव लागतो; माझा कान मात्र षड्ज समेवर मागतो. शेवटी डी-सेव्हन पाचव्या मात्रेपासून उचलली. खालीवर ताण, समेवर षड्ज. क्रम तोच, बोटे तीच, आणि घसरणे थांबले.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० वर स्वच्छ. ७२ वर आडव्या तर्जनीखालची सी तार प्रत्येक तिसऱ्या आवर्तनात मुकी होते. तर्जनी सपाट न ठेवता किंचित कडेवर, अंगठ्याच्या बाजूला वळवल्यावर ती बोलू लागली.

२ ऑगस्ट

मेट्रोनोम ८४ वर सलग बत्तीस आवर्तने, दोन ठिकाणी खरखर, थांबणे नाही. जी-सेव्हन ते सी मेजर बदल मिनिटाला ५२. ठरवलेले काम येथे पुरे झाले.

झोपण्यापूर्वी हाच क्रम पांढरी चार, म्हणजे एफ, षड्ज धरून लिहून पाहिला: जी-सेव्हन, सी-सेव्हन, एफ मेजर. येथे ए तारेवर दुसरा फ्रेट, पहिला फ्रेट, मोकळी, आणि ई तारेवर पहिला फ्रेट, मोकळी, पुन्हा पहिला. दोन मध्यम आणि गंधार आता ए तारेकडे गेले आहेत, षड्ज-निषाद-षड्ज ई तारेकडे आले आहेत, आणि माझ्या अनामिकेला धरून ठेवायला एकही तार उरलेली नाही. उद्या तर्जनीपासून सुरुवात करायची.